वडिलांनी जाळलेली पुस्तकं: क्लारा लेमलिखचं प्रकरण

कामगार चळवळीच्या इतिहासात क्लारा लेमलिखचं नाव बहुधा एका रात्रीपुरतं येतं. २२ नोव्हेंबर १९०९ ची रात्र, न्यू यॉर्कमधलं कूपर युनियनचं सभागृह, यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतली मोजकी वाक्यं आणि दुसऱ्या दिवसापासून शिलाई कामगार मुलींचा प्रचंड संप. ती रात्र मोठी होतीच. पण परदेशात येऊन पडलेल्या घरातली मुलगी घरच्या रीतीपासून मोकळी कशी होते, हा प्रश्न घेऊन बसलं की त्या रात्रीच्या आधीची आणि नंतरची वर्षं जास्त बोलकी वाटतात.

अशा मुलींची गोष्ट सांगायची एक ठरलेली पद्धत आहे. जुना देश, कर्मठ बाप, बोटीचा प्रवास, अमेरिका आणि मग सुटका. क्लाराच्या प्रकरणात हा क्रम लागत नाही. ती अमेरिकेत उतरली तेव्हा वडिलांशी तिचा झगडा होऊन गेला होता. पुढे न्यू यॉर्कमध्ये तिने जे केलं, त्यासाठी लागणाऱ्या कितीतरी गोष्टी तिने त्याच परंपरेतून घेतल्या, जिच्याशी ती लहानपणी भांडली होती. म्हणूनच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटतं.

गोरोडोकचं घर

क्लाराचा जन्म १८८६ चा, युक्रेनमधल्या गोरोडोकचा. हा मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या ताब्यात होता. घरात यिडिश बोलली जाई. वडील धर्मग्रंथांच्या अभ्यासात रमलेले आणि आई छोटं किराणा दुकान चालवणारी. मराठी वाचकाला ज्यू म्हटलं की कोकणातले बेने इस्राएल आठवतात, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे शनवार तेली. पूर्व युरोपातल्या ज्यूंची घडी वेगळी होती. तिथे तालमूद या धर्मग्रंथाचा व्यासंग करणाऱ्या पुरुषाला समाजात सर्वांत वरचा मान होता. त्याने कमवून आणावं अशी सक्ती नसे. बायकोने दुकान सांभाळून संसार ओढावा आणि नवऱ्याने पोथी वाचावी, यात घराची शान होती. मुलगे लहानपणीच हिब्रू शिकायला जात. मुलीला यिडिश लिहितावाचता आली की पुरे.

म्हणजे या घरात वाचनाला पराकोटीची किंमत होती आणि ते मुलीच्या वाट्याला येणार नव्हतं. क्लाराची भूक कुठून आली याचं कोडं मला तरी पडत नाही. ज्या घरात पुस्तक हीच सर्वांत मोठी वस्तू, त्या घरातली मुलगी पुस्तकच मागणार.

पुढचा भाग मात्र सरळ नाही. आईवडील तिला सरकारी शाळेत घालायला तयार होते. गावात शाळा एकच होती आणि तिथे ज्यू मुलांना प्रवेश नव्हता. या अपमानाने चिडून त्यांनी घरात रशियन भाषाच बंद केली. रशियन बोलायचं नाही, रशियन पुस्तक घरात आणायचं नाही. ही बंदी नुसत्या कर्मठपणातून आली असं समजणं चूक होईल. ज्या सरकारने तुमच्या मुलीला दारातून परत पाठवलं, त्याच्या भाषेला घरात थारा द्यायचा नाही, हा त्यात मानी माणसाचा हट्ट होता. झारबद्दल वडिलांचं बरोबर होतं. मुलीबद्दल चुकलं. परंपरा मुलींवर जी बंधनं घालते त्यांतली कितीतरी अशी बाहेरून झालेल्या जखमेतून आलेली असतात, आणि त्या जखमेची किंमत घरातल्या सर्वांत लहान, सर्वांत कमी अधिकार असलेल्या माणसाकडून वसूल होते.

क्लाराने रशियन चोरून शिकायचं ठरवलं. तिला रशियन लोकगीतं येत होती. ती मोठ्या मुलींना गाणी शिकवायची आणि बदल्यात त्यांच्याकडून टॉलस्टॉय, तुर्गेनेव्ह, गॉर्की यांची पुस्तकं घ्यायची. पुस्तकांसाठी पैसे लागत तेव्हा ती काजं शिवून द्यायची. ज्यांची मुलं अमेरिकेला गेली होती आणि ज्यांना स्वतःला लिहिता येत नव्हतं, अशा शेजारणींची पत्रं लिहून द्यायची. तेव्हा ती तेरा वर्षांचीही नव्हती.

जमवलेली पुस्तकं तिने स्वयंपाकघरात मांसाच्या भांड्याखाली लपवली होती. वडिलांना ती सापडली आणि त्यांनी ती जाळून टाकली. सगळी.

तिने पुन्हा पहिल्यापासून जमवायला सुरुवात केली. या वेळी लपवायची जागा माळ्यावर होती. तिथे उघड्या तुळईवर बसून ती वाचायची. एका शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, दुपारी घर झोपलेलं असताना एका शेजाऱ्याने तिला वाचताना पाहिलं. त्याने चहाडी केली नाही. उलट स्वतःकडची क्रांतिकारी पत्रकं तिला वाचायला दिली.

या प्रकरणातल्या सर्वांत मोलाच्या नोंदी मला इथेच दिसतात. शब्बाथच्या दिवशी काम वर्ज्य असतं, म्हणून मोठी माणसं दुपारी झोपतात आणि म्हणूनच मुलीला वाचायला मोकळा वेळ मिळतो. शेजारीही त्याच वस्तीतला, त्याच समाजातला. वडिलांच्या धर्माच्या चौकटीतच वडिलांना टाळायला जागा होती, आणि ती तिला सापडली. बंडखोर मुलींच्या कथांमध्ये परंपरा एकसंध भिंतीसारखी उभी केलेली असते. प्रत्यक्षात अशा वस्तीत जाळणारा बाप असतो तसा गुपचूप पत्रक पुढे सरकवणारा शेजारीही असतो.

पगाराचं पाकीट

१९०३ च्या वसंतात किशिनेव्ह शहरात ज्यूंची कत्तल झाली. ४९ जण मारले गेले. किशिनेव्ह म्हणजे आजच्या मोल्दोव्हाची राजधानी. त्यानंतर लेमलिख कुटुंबाने देश सोडला. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून जवळपास २० लाख ज्यू अमेरिकेला गेले, त्या लोंढ्यातलं हे एक घर. क्लारा १७ वर्षांची होती.

न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये आल्यावर दोनच आठवड्यांत तिला शिवणाच्या कारखान्यात काम मिळालं. काम होतं शर्टवेस्टचं, म्हणजे त्या काळी नोकरदार बायकांमध्ये चालणाऱ्या शर्टासारख्या ब्लाउजचं. दिवसाला अकरा तास, आठवड्याचे सहा दिवस, आणि सुरुवातीला हातात पडणारी रक्कम जेमतेम. सुई, दोरा आणि वीज यांचे पैसे पगारातून कापले जात. संडासला जायला मुकादमाची परवानगी लागे. घड्याळाचे काटे मागे सरकवून मुलींकडून फुकट काम काढून घेणारे कारखानदारही होते.

इथे एक व्यवस्था समजून घ्यायला हवी, कारण स्वातंत्र्याचा सगळा हिशेब तिच्याभोवती फिरतो. या वस्तीत कमावत्या मुलीने पगाराचं पाकीट न फोडता आईच्या हातात द्यायचं, अशी रीत होती. आई त्यातून ट्रामचे आणि जेवणाचे पैसे काढून देई. त्या पैशातून भाडं, किराणा आणि बऱ्याच घरांत भावाची शाळा चाले. मुलगी कारखान्यात गेली म्हणजे मोकळी झाली असं होत नसे. गावाकडे आई दुकान चालवून पोथी वाचणाऱ्या पुरुषाला पोसत होती. न्यू यॉर्कमध्ये तेच ओझं मुलीच्या शिलाई यंत्रावर आलं. बोट बदलली, देश बदलला, पण घर कुणाच्या श्रमावर चालायचं हे तसंच राहिलं.

आणि तरी फरक पडला. ज्या मुलीच्या पाकिटावर भाडं भरलं जातं तिचा आवाज चढला तर ऐकून घ्यावं लागतं. संध्याकाळी तिला बाहेर जायला फार कुणी अडवू शकत नाही. क्लारा कामावरून सुटल्यावर ग्रंथालयात जायची, रात्रशाळेत जायची. तिला डॉक्टर व्हायचं होतं. ते झालं नाही. अकरा तास यंत्रावर वाकून आल्यावर रात्री अभ्यास करणाऱ्या हजारो मुलींचं जे झालं तेच तिचंही. पण वाचन सुटलं नाही. तिला मार्क्सवाद समजावणारं मंडळ मिळालं, आणि १९०६ साली ती इंटरनॅशनल लेडीज गारमेंट वर्कर्स युनियनच्या शर्टवेस्ट कामगारांच्या शाखेच्या, लोकल २५ च्या, स्थापनेत होती.

त्या युनियनमधले जुने पुरुष नेते म्हणत, मुलींचं संघटन टिकत नाही, त्या आज आहेत आणि उद्या लग्न करून जातील. हे ऐकताना क्लाराला घरचंच काही ऐकू आलं असेल असं मला वाटतं. बापाने मुलीच्या शिक्षणावर खर्च न करण्याचं कारणही हेच दिलं असतं.

घरी न दाखवलेला मार

१९०९ च्या सप्टेंबरात क्लारा ज्या कारखान्यात काम करत होती तिथे संप सुरू होता. दारासमोर उभं राहून संपकरी निदर्शनं करत. मालकांनी गुंड भाड्याने आणले. त्यांनी तिला गाठून मारलं. सहा फासळ्या मोडल्या. त्या काळात तिला एकूण १७ वेळा अटक झाली.

हा मार तिने आईवडिलांपासून लपवला, का तर कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाहेर पडू दिलं नसतं. ती २३ वर्षांची आहे, मिळवती आहे, भर रस्त्यात गुंडांना सामोरी जाते, पोलिसांच्या गाडीत बसते, आणि घरी आल्यावर अंगावरचे वळ कपड्यांखाली झाकते. स्वातंत्र्य मिळवलेल्या मुलीचं हे चित्र आपल्याला अपुरं वाटेल. मला ते खरं वाटतं. गोरोडोकमध्ये तिने पुस्तकं लपवली, न्यू यॉर्कमध्ये फासळ्या. दोन्ही वेळा तिने घर सोडलं नाही, घराशी उघड युद्ध केलं नाही, आणि जे करायचं ते सोडलंही नाही. एकत्र राहणाऱ्या, एकमेकांच्या पैशावर चालणाऱ्या घरात बहुतेक मुली स्वातंत्र्य असंच मिळवतात. त्याला भित्रेपणा म्हणणाऱ्याने असं घर आतून पाहिलेलं नसतं.

मग ती नोव्हेंबरची रात्र. कूपर युनियनचं सभागृह खचाखच भरलं होतं. अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्स मंचावर होते. सार्वत्रिक संप करावा की नाही यावर दोन तास भाषणं झाली. प्रत्येकाने सहानुभूती दाखवली, सावधगिरीचा सल्ला दिला. तेव्हा क्लाराने बोलायची परवानगी मागितली आणि मंचावर जाऊन ती यिडिशमध्ये बोलली. तिचे नेमके शब्द वर्तमानपत्रागणिक थोडे वेगळे छापले गेले. सार असं की, मी स्वतः या परिस्थितीत राबणारी कामगार आहे, नुसत्या बोलण्याचा मला कंटाळा आला आहे, सार्वत्रिक संपाचा ठराव मी मांडते.

सभागृह उठून उभं राहिलं. अध्यक्षस्थानी बेंजामिन फायगेनबाउम होते. यिडिश पत्रकार, समाजवादी आणि धर्मावर कडाडून टीका करणारा माणूस. त्यांनी जमलेल्यांना विचारलं, जुनी ज्यू शपथ घ्याल का? हजारो उजवे हात वर गेले. शपथ अशी होती की, आज हाती घेतलेल्या कार्याशी मी द्रोह केला तर आज वर केलेला हा हात गळून पडो. तिचं मूळ बायबलच्या १३७ व्या स्तोत्रात आहे. बाबिलोनला परागंदा झालेले ज्यू तिथे म्हणतात, यरुशलेमा, मी तुला विसरलो तर माझा उजवा हात निकामी होवो.

हे त्या मुलींना शिकवावं लागलं नाही. पोथ्या वाचायची मुभा नसलेल्या मुलींनाही ही शपथ कानावरून माहीत होती. नास्तिक अध्यक्षाने विचारलं आणि त्यांचे हात वर गेले. परंपरेचा जो भाग मुलींसाठी बंद होता तो त्या रात्री त्यांनी स्वतः वापरला, यरुशलेमच्या जागी आठवड्याचे तास आणि पगार ठेवून. मुंबईत, पुण्यात बसून हे वाचताना ज्यांना चळवळीतल्या ओव्या आणि पोवाडे आठवतील त्यांना यात नवल वाटणार नाही.

दुसऱ्या दिवशी सुमारे १५ हजार कामगार बाहेर पडले आणि आकडा २० हजारांच्या पुढे गेला. बहुसंख्य तरुण मुली, त्यांतही ज्यू सर्वांत जास्त, त्यांच्याबरोबर इटालियन. संप फेब्रुवारी १९१० पर्यंत चालला. बहुतेक कारखान्यांनी युनियनशी करार केले, आठवड्याचे तास ५२ वर आले, सुई-दोऱ्याचे पैसे कापणं थांबलं. शर्टवेस्ट बनवणाऱ्या ट्रँगल कंपनीने मात्र युनियनला मान्यता दिली नाही. २५ मार्च १९११ ला तिथे आग लागली, एक दरवाजा कुलूपबंद होता, १४६ जण गेले. मृतदेह ओळखण्यासाठी मांडून ठेवले होते तिथे क्लारा आपल्या एका चुलत बहिणीला शोधत फिरत होती. ती त्यांत नव्हती.

मोकळीक देणाऱ्यांच्या अटी

संपानंतर क्लाराचं नाव मालकांच्या काळ्या यादीत गेलं आणि शिलाईचं काम मिळेना. त्या वेळी तिला श्रीमंत, सुशिक्षित सुधारक स्त्रियांचा आधार मिळाला. कामगार स्त्रियांमध्ये मताधिकाराचा प्रचार करण्यासाठी तिला पगारी कार्यकर्ती नेमलं गेलं. वर्षही झालं नाही तोवर तिला काढून टाकलं. ती ऐकत नव्हती, मवाळ बोलत नव्हती.

स्थलांतरित मुलींच्या बाबतीत या गोष्टीकडे नेहमी दुर्लक्ष होतं. बापाच्या हुकमतीतून बाहेर पडायला ज्या संस्था आणि ज्या बायका हात देतात, त्यांच्याही अपेक्षा असतात. मुलीने कृतज्ञ असावं, नीट इंग्रजी बोलावं, आवाज खाली ठेवावा. क्लाराने बापाचं ऐकलं नव्हतं, ती यांचं कशाला ऐकेल. पण याची किंमत तिला नोकरीने मोजावी लागली.

कोशर खाटकाच्या दारात

१९१३ मध्ये तिने छापखान्यातल्या युनियनचे कार्यकर्ते जो शॅवेलसन यांच्याशी लग्न केलं. ठरवून दिलेलं लग्न नव्हतं. तीन मुलं झाली, ब्रुकलिनच्या ज्यू वस्तीत संसार मांडला. चरित्रं इथे सहसा आटोपतात. संप करणारी मुलगी शेवटी गृहिणी झाली म्हणून हळहळणारेही भेटतात. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण वडिलांच्या घरापासून ती किती लांब गेली आणि किती नाही, हे इथे नीट मोजता येतं.

तिने जी वस्ती निवडली तिथे सगळे यिडिश बोलत. शेजारणी कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे कापलेलं, मांस घेत. घरभाडं, पाव आणि मांस हे तिथले प्रश्न. क्लाराने याच बायकांना संघटित करायला घेतलं. हे आकाशातून पडलेलं नव्हतं. ती अमेरिकेत येण्याच्या आदल्याच वर्षी, १९०२ मध्ये, लोअर ईस्ट साइडच्या गृहिणींनी कोशर मांसाचा भाव पौंडाला १२ सेंटवरून १८ सेंटवर गेल्यावर खाटकांवर बहिष्कार टाकला होता. दुकानांतून मांस रस्त्यावर फेकलं, सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, जाऊन पुरुषांची प्रार्थना थांबवून पाठिंबा मागितला. त्या डोक्याला रुमाल बांधलेल्या, धर्म पाळणाऱ्या आया होत्या. मुलींनी बंड शिकलं ते फक्त मार्क्सकडून नाही, यांच्याकडूनही.

१९२९ मध्ये क्लारा कामगार वर्गातल्या स्त्रियांची एक परिषद उभारणाऱ्यांत होती. १९३५ मध्ये मंदीच्या काळात त्या बायकांनी मांसाच्या भाववाढीविरुद्ध बहिष्कार पुकारला. न्यू यॉर्कमधली हजारो मांसाची दुकानं बंद राहिली आणि बहिष्कार ज्यू वस्त्यांपलीकडे, इतर शहरांतही पसरला.

ती स्वतः धार्मिक नव्हती. १९२६ पासून ती कम्युनिस्ट पक्षात होती आणि त्या निष्ठेबद्दल तिच्यावर टीका करण्यासारखं बरंच आहे. स्टालिनच्या काळातही ती ढळली नाही हे मला खटकतं. ज्या मुलीने वडिलांना ‘काय वाचायचं हे तुम्ही ठरवायचं नाही’ असं न बोलता सांगितलं होतं, तिने ज्या देशात लेखकांना पुस्तकांपायी मारलं जात होतं त्याची बाजू सोडली नाही. प्रकरण अभ्यासात नायिकेची ही बाजू झाकून ठेवली तर अभ्यास कसला.

घराचं काय? लग्नानंतर ती आईवडिलांना तोडून गेली नाही, त्यांचा देव मानला नाही, त्यांची भाषा सोडली नाही. कोशर मांस धर्माने महाग होतं, कारण त्याला वेगळा खाटीक, वेगळी तपासणी लागते. धर्म न मानणाऱ्या बाईने त्या मांसाच्या भावासाठी लढावं, यात मला विसंगती दिसत नाही. शेजारणीच्या चुलीवर काय शिजतं हा तिचा विषय होता. वडिलांच्या परंपरेतून तिला नको होती ती एकच गोष्ट, कुणीतरी दुसऱ्याने तिच्यासाठी ठरवणं. काय वाचायचं, किती धोका पत्करायचा, केव्हा गप्प बसायचं. बाकी भाषा, शपथ, वस्ती, मांसाचं भांडं, हे सगळं तिने ठेवलं आणि वापरलं.

पेन्शन आणि द्राक्षं

१९४० च्या दशकात नवरा आजारी पडल्यावर ती पुन्हा शिलाईच्या कारखान्यात गेली, पन्नाशी उलटून गेल्यावर. १९५४ मध्ये निवृत्त झाली तेव्हा ज्या युनियनच्या शाखेच्या उभारणीत तिचा हात होता त्या युनियनने पेन्शन नाकारली. नियमाप्रमाणे सलग १५ वर्षं भरत नव्हती. मधली वर्षं मुलं वाढवण्यात आणि खाटकांच्या दारात गेली होती, ती कुठल्याच खात्यावर चढलेली नव्हती. ती भांडली आणि शेवटी युनियनने तिला मानद पेन्शन दिली.

तिचा नवरा जो शॅवेलसन १९५१ मध्ये वारला होता. १९६० मध्ये तिने चळवळीतल्याच एका जुन्या ओळखीच्या माणसाशी पुन्हा लग्न केलं. १९६७ मध्ये तोही गेल्यावर ती कॅलिफोर्नियाला मुलांजवळ आली आणि लॉस एंजेलिसच्या ज्यू वृद्धाश्रमात राहायला लागली. तेव्हा सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेचा द्राक्षांवर बहिष्कार चालू होता. आश्रमाच्या व्यवस्थापनाने तो पाळावा म्हणून ती मागे लागली आणि त्यांच्याकडून ते करून घेतलं. तिथल्या सेवकांना युनियन काढायला तिने मदत केली. १२ जुलै १९८२ ला, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्याच आश्रमात तिचा मृत्यू झाला.